लाल पाणी नको, साधी साखर पुरे

एप्रिल अर्धा सरला की आमच्या न्यू जर्सीत दुकानांत हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्याला साखरपाणी पाजायचे फीडर मांडले जातात, शेजारी त्यात भरायच्या लालभडक पाण्याच्या बाटल्या. कृपा करून ते लाल पाणी आणू नका. फीडरचा लाल भाग पक्ष्याला लांबून दिसतो, तेवढा रंग पुरतो.

एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळवून गार केलं की झालं. आपल्याकडे हमखास विचारतात, गूळ चालेल का, मध घालू का? माया कळते, पण गुळात लोह असतं, ते या इवल्या जिवाला बाधू शकतं. आणि पाण्यात कालवलेल्या मधाला बुरशी पटकन धरते.

हा पक्षी जेमतेम 3 ग्रॅमचा. रुबी-थ्रोटेड, म्हणजे माणकासारख्या लाल गळ्याचा, ही पूर्व अमेरिकेत वीण करणारी हमिंगबर्डची एकमेव जात. हिवाळा मेक्सिको नि मध्य अमेरिकेत काढून वसंतात परततो, आणि त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात, सुमारे 800 किलोमीटर, एका दमात ओलांडतात. नर आधी येतात. सावलीत त्यांचा गळा काळा दिसतो, उन्हाकडे मान वळली की क्षणात लालबुंद चमकतो.

एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यापुढे आंबलेलं पाणी ठेवायचं? मला याचा खरंच राग येतो. ऊन तापलं की दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, भोकांभोवती काळी बुरशी धरते. फीडर काठोकाठ भरू नका. थोडं घाला, दर दोन दिवसांनी ओतून द्या, गरम पाण्याने ब्रश घालून घासा. हे जमणार नसेल तर फीडर लावूच नका. त्यापेक्षा कोरल हनीसकलचा वेल लावा, बी बाम लावा. इथलीच झाडं आहेत, मकरंद आपोआप ताजा मिळतो.

आणि परसात डासांसाठी फवारणी करून घेता ना, ती आधी थांबवा. नुसत्या साखरेवर हा पक्षी जगत नाही. चिलटं, बारीक कोळी त्याला लागतातच. पिल्लांना तर मादी मुख्यतः तेच भरवते. तिचं घरटंही कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं असतं, अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढं, आणि बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले. हो, गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं! कोळीच मारले तर ती घरटं कशानं बांधणार?

एडिसनच्या आसपास कुणाला हनीसकलच्या फांद्या हव्या असतील तर खाली लिहा. जूनमध्ये चांगल्या रुजतात, मी कापून देईन.