चित्रं झाकली तरी गोष्ट कळते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. तुमचं म्हणणं असं, की कॉमिकमध्ये गोष्ट सांगतात ते शब्दच, चित्रं ही सजावट. अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी कॉमिक्स तुम्ही चित्रं झाकून वाचलीत आणि काही अडलं नाही. तेव्हा मुलांच्या हाती सरळ पुस्तकंच द्यावीत.

तुम्ही वाचलेल्या कॉमिक्सपुरतं यात तथ्य आहे. वरच्या पट्टीत राजा रागावल्याचं लिहायचं आणि खाली रागावलेला राजा काढायचा, हे आपल्याकडे फार झालं. आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांसारखा कसलेला चित्रकार असला, तरी मजकुराचं ओझं त्याच्या चित्रांवर असायचंच. पण हा दोष लिहिणाऱ्यांचा. तो माध्यमाच्या माथी मारू नका.

1955 सालची ‘मास्टर रेस’ ही छोटी कॉमिक-कथा बघा. बर्नार्ड क्रिगस्टाइन या अमेरिकन चित्रकाराकडे मजकूर आधीच लिहून आला होता आणि पानं ठरली होती सहा. त्याने भांडून आठ करून घेतली, तोच मजकूर कापून जास्त चौकटींत पसरला. शेवटच्या पानावर पळणारा माणूस भुयारी रेल्वेच्या फलाटावरून घसरतो. तेवढा एक क्षण क्रिगस्टाइनने अरुंद, उभ्या चौकटींत चिरून ठेवलाय. नजर एकेका चौकटीवर अडते, पडणं लांबत जातं. मग गाडी धडधडत जाते, तर खिडक्यांत तेच चेहरे एकाला एक लागून पुन्हापुन्हा काढलेले, आणि वेग डोळ्यांना जाणवतो. ही पानं झाकून बघा. माणूस पडला एवढं कळेल, पण ते पडणं तुम्हाला सोसावं लागणार नाही. कथा त्या सोसण्यातच आहे.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ हे कॉमिक 2011 साली आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी त्यात ठरावीक चौकटी घातल्याच नाहीत. माणसांना खोक्यात कोंडायचं नाही, ही त्यांची भूमिका. त्यातले संवादाचे फुगे नीट बघा: मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वाचण्याआधीच बोलणाऱ्याचं मन कळतं. छोट्या भीमाला पाणी नाकारलं जातं तिथे ती नांगी झाकली, तर नुसतं वाक्य उरतं. डंख जातो.

मुलांना पुस्तकं जरूर द्या, त्यात आपला वाद नाही. पण दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं असेल ते मूल स्वतः जुळवतं, आणि हेही वाचनच आहे. तुमचा नातू कॉमिकच्या एकाच पानावर बराच वेळ थांबतो, अशी तक्रार तुम्ही केली आहे. त्याला घाई करू नका. तिथे त्याला काय दिसलं ते विचारा, आणि जमलं तर मलाही कळवा.