‘गेल्या वर्षीचा सेल अधिक २० टक्के’ वाला फॉरवर्ड: पुढे पाठवायच्या आधी पंचांग उघडून बघा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. दादाचा मुलगा, टीवायबीबीएला (बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला) आहे. म्हणाला, "आत्या, पप्पांनी लग्नसराईचा माल सांगितला कारखान्यात, गेल्या मेच्या सेलवर वीस टक्के वाढवून. मीच तो मेसेज वाचून दाखवला त्यांना. बरोबर आहे ना?"

नाही, बरोबर नाहीये. आणि तो मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आलाय, त्यातला एक माझ्याच विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, म्हणून आज बसून लिहितेच. मी इथे सोलापुरात तासिका तत्त्वावर मार्केटिंग शिकवते, आणि घरचं दुकान टॉवेल-चादरीचं, चाटी गल्लीत, आप्पांपासूनचं. त्यामुळे पुस्तक आणि गल्ला दोन्हीकडून बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात. ‘एमबीएवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. पहिला, फोर्ड आणि स्टीव्ह जॉब्सने गिऱ्हाइकाला कधी काही विचारलं नाही, म्हणून मार्केट रिसर्च फालतू. दुसरा, फोरकास्ट नेहमी चुकतं, म्हणून डोकं लावू नका, गेल्या वर्षीचा सेल घ्या, २० टक्के वाढवा आणि माल भरा. तिसरा, एआयचं ॲप आता ९९ टक्के अचूक अंदाज देतं. चौथा, माल उरला तर घाबरायचं नाही, भाव पाडला की सगळं निघतं. पाचवा, रीलला जेवढे लाईक तेवढी मागणी.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते कारण घरात आग तिथेच लागलीये.

यंदा, म्हणजे २०२६ ला, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात आपल्याकडे लग्न कोण काढतं? म्हणजे ऐन मेचा दुसरा पंधरवडा, जिथे गेल्या वर्षी आमचा आहेराच्या सेटचा निम्म्याहून जास्त सेल झाला, तो यंदा जवळजवळ कोरडा जाणार. ही काही गुप्त माहिती नाही हो, भिंतीवरच्या कालनिर्णयात छापलेली आहे, स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तरी दिसतं. आणि गेल्या वर्षीचा आकडा एवढा मोठा का होता? कारण त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या मे-जूनमध्ये, गुरू आणि शुक्र दोघांचा अस्त आलेला, बऱ्याच घरांनी तेव्हा कार्य काढलंच नाही, आणि २०२५ ला मे मोकळा मिळाला. दादाच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र फक्त ‘मे २०२४’ आणि ‘मे २०२५’ असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात आणि त्याला वाटतं धंदा वाढला. भाच्याने एक्सेलमध्ये तीन वर्षांची रेघ मारून मला पाठवली, वर चढत जाणारी, छान दिसते. त्या तीन वर्षांत उन्हाळ्यातला अधिक महिना एकदाही नाही. २०२३ ला अधिक होता पण तो श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, तेव्हा तसाही चातुर्मास, लग्नं नसतातच.

दिवाळीचंही तेच. लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर, यंदा ८ नोव्हेंबर. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करून वीस टक्के वाढवणाऱ्याने एका वर्षी ऐन फराळाचा आणि एका वर्षी फराळाआधीचा महिना एकमेकांशी जोडलाय, त्यातून काय कळणार? आपल्याकडचा सीझन तिथीने चालतो आणि बिल तारखेने फाटतं, ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायला पाहिजे, आमच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकात सगळी उदाहरणं ख्रिसमसची.

मग मी भाच्याला म्हटलं, माळ्यावरून २०१८ ची वही काढ. २०१८ ला पण अधिक ज्येष्ठच होता, १६ मे ते १३ जून, जवळजवळ याच तारखा. त्या वहीत सरळ दिसतं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात नेहमीपेक्षा जरा जास्त, कारण लोकांनी घाईने कार्यं उरकली, मग आहेराचे सेट एकदम चौथाईवर, आणि जूनच्या शेवटाकडे परत उठाव. आणि मधल्या त्या महिन्यात दुसरंच काहीतरी विकलंय: धोंड्याच्या जेवणाला जावयाला द्यायचे मोठे टॉवेल, चांगल्या जातीच्या चादरी, तेही जोडीने. म्हणजे मागणी मेली नाही, तिने रूप बदललं. हे त्या ‘अधिक २० टक्के’ मध्ये कुठे बसवणार सांगा.

आता पैशाचं बोलू. टॉवेल-टोपी-उपरण्याचा आहेराचा सेट आम्हाला १४० ला पडतो, १९० ला जातो. डब्यावर ‘शुभविवाह’ छापलेलं असतं, सीझन उलटला की तो डबा कोणी घेत नाही, फोडून सुटं विकलं तर ८० येतात. म्हणजे एक सेट कमी पडला तर ५० चा नफा गेला आणि एक सेट उरला तर ६० चा तोटा. उरण्याचा मार जास्त आहे, म्हणून अंदाजाच्या जरा खालीच माल सांगायचा, वर वीस टक्के चढवायचे नाहीत. आणि तोच दादा साधा पांढरा टॉवेल, जो बाराही महिने जातो, त्याचा माल हात आखडून भरतो! त्यात डझनामागे उरल्याचं नुकसान म्हणजे सीसीवरचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावरचं) चार महिन्यांचं व्याज फक्त, तिथे दहापैकी नऊ वेळा पुरेल एवढा साठा ठेवला तरी चालतं. अंदाज एकच असला तरी ऑर्डर वस्तूगणिक वेगळी येते. पुस्तकात याला न्यूजव्हेंडर म्हणतात, पेपरवाल्याने सकाळी किती अंक उचलायचे त्याचा हिशोब. सोपा आहे, पाचवी-सहावीच्या गणिताचा.

दादाने सांगितलेला आकडा १०८० सेट. गेल्या मेचे ९०० अधिक वीस टक्के. मी आणि भाच्याने २०१८ च्या वहीवरून काढला तो ६२० च्या आसपास. फरकाचे ४६० सेट म्हणजे ६४,४०० रुपये गोडाऊनमध्ये झोपून. सगळेच बुडतील असं मी म्हणत नाही, जूनअखेर थोडे निघतीलच, पण तोवर त्याच पैशात धोंड्याचा माल भरता आला असता.

आणि सेल म्हणजे मागणी नव्हे हे तर कोणी बोलतच नाही. गेल्या वर्षी मरून काठाचा मोठा टॉवेल ९ मेला संपला. बिलिंगमध्ये १० तारखेपासून शून्य. कॉम्प्युटर म्हणणार मागणी शून्य. मी त्या आठवड्यात दोन दिवस दुकानात होते, सात-आठ जण तोच मागून परत गेले, त्यात विजयपूरहून आलेलं एक कुटुंब होतं, बस्त्याला आलेले, ते शेजारी गेले आणि सगळा बस्ता तिथूनच घेऊन गेले. आप्पा एक पातळ वही ठेवायचे, वर फक्त ‘नाही’ एवढं लिहिलेलं. गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते सगळं त्यात जायचं, रंग, साईज, नग. मार्केट रिसर्च, मार्केट रिसर्च करतात ना, तो हा. संगणक आला आणि ती वही बंद झाली, दादालाही त्याची चुटपुट आहे.

बरं, ‘फोरकास्ट नेहमी चुकतं’ हे अर्धं खरंय, ते मी मान्य करते, नाखुशीने का होईना. नेमका आकडा कधीच येत नाही. पण म्हणूनच एक आकडा न सांगता कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके असं सांगायचं असतं, आणि चुकलो तर कुठल्या बाजूला चुकणं परवडतं ते बघायचं असतं. शिवाय सोलापूरकरांना एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला नाही. आम्ही माल घेतो तो कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुकानातून अर्ध्या तासात पोचतो. माल आठवड्यात मिळत असताना दोन महिन्यांचा अंदाज एकदम कशाला करायचा? थोडा आत्ता, थोडा जूनमध्ये बघून. जितकं जवळचं बघायचं तितकं कमी चुकतं.

एआयच्या ९९ टक्क्यांवर. यावर एक मोठी परीक्षा झालेली आहे आणि ती उघड आहे. मॅक्रिडाकिस नावाचे अभ्यासक १९८२ पासून अंदाज वर्तवण्याच्या पद्धतींच्या स्पर्धा घेतात. त्यातली पाचवी, एम-५, २०२० ला झाली. वॉलमार्टची खरी विक्री, अमेरिकेतल्या तीन राज्यांतली १० दुकानं, वस्तू आणि दुकान धरून विक्रीच्या आकड्यांच्या ३०,४९० मालिका, आणि पुढच्या २८ दिवसांचा अंदाज सांगायचा. जगभरातून ५,५०७ संघ उतरले, मशीन लर्निंगवाले (आकड्यांवरून संगणकालाच शिकू देणारे, म्हणजे एआयवालेच) भरपूर. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणून जुनी साधी पद्धत आहे, जी आपण दुसऱ्या वर्षाला शिकवतो, ताज्या आकड्याला जास्त वजन आणि जुन्याला कमी. तिला हरवू शकले फक्त ४१५ संघ. शंभरात साडेसात! निम्म्याहून जास्त संघांना तर ‘काल जे झालं तेच उद्या’ असं म्हणणाऱ्या पद्धतीलाही मागे टाकता आलं नाही. आता खरं तेही सांगते, जिंकणारा संघ मशीन लर्निंगचाच होता, साध्या पद्धतीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त चांगला, आणि तो दक्षिण कोरियातला एक पदवीचा विद्यार्थी होता. म्हणून पोरांनो, ही साधनं शिकाच, मी अडवत नाही. पण एकेका दुकानातल्या एकेका वस्तूपर्यंत खाली उतरलं की तो फायदाही फार थोडा उरला. आणि महिन्याला पैसे घेणाऱ्या ॲपला आपला अधिक महिना ठाऊक आहे का, हे विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने असं ॲप घेतलं, त्याला गड्ड्याची यात्रा (आमच्या सिद्धेश्वराची, संक्रांतीची) कधी असते ते सुद्धा हाताने भरावं लागलं, आणि ते न भरल्यामुळे पहिल्या जानेवारीत त्याच्या चादरी कमी पडल्या.

फोर्ड. ‘लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगवान घोडे मागितले असते’, हे वाक्य फोर्ड बोलल्याचा पुरावाच नाही. आणि गिऱ्हाइकाचं न ऐकल्याचं त्याचं काय झालं ते मेसेजमध्ये नाही. १९२१ च्या सुमाराला अमेरिकेच्या मोटार बाजाराचा निम्म्याहून जास्त वाटा फोर्डकडे होता, लोकांना रंग, आराम, हप्त्यावर गाडी हवी होती, जनरल मोटर्सने ते दिलं, फोर्ड आपली जुनी गाडी, मॉडेल टी, धरून बसला, आणि १९२७ ला मॉडेल टी बंद करून नवी गाडी आणायला कारखाना महिनोन्‌महिने थांबवावा लागला. जॉब्सचं म्हणाल तर ॲपल आयफोन घेणाऱ्यांचे दर महिन्याला सर्व्हे करते हे सॅमसंगबरोबरच्या २०१२ च्या खटल्यात कागदावर आलंय. पुढे चला.

भाव पाडला की सगळं निघतं म्हणे. टाटांची नॅनो आठवा. २००९ ला लाखाची गाडी म्हणून आली, दोन लाखांहून जास्त बुकिंग, साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांचा. सगळ्यात चांगल्या वर्षात, २०११-१२ ला, पाऊण लाखाच्या आतच विकल्या गेल्या. सर्वात स्वस्त गाडी असा शिक्का बसला ही चूक झाली हे रतन टाटांनी स्वतः बोलून दाखवलं. आपली सोलापुरी चादर जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली, सत्काराला शालीच्या जागी देतात लोक. तिच्यावर दर दोन महिन्यांनी ‘एकावर एक’ लावलं तर पानिपतच्या मिंक ब्लँकेटशी भावात झुंजायचं, ज्यात आपण जिंकू शकत नाही, आणि गिऱ्हाईक पुढच्या ऑफरची वाट बघत थांबतं. डिस्काउंटमध्ये जो माल जातो त्यातला बराचसा पुढच्या महिन्याच्या गिऱ्हाइकाने आत्ताच उचललेला असतो, नवं गिऱ्हाईक त्यात किती हे मोजून बघा कधीतरी.

लाईकबद्दल एवढंच, भाच्याच्या रीलला अकरा हजार व्ह्यू आले, दुकानात ते बघून आलेले चौघे, दोघांनी घेतलं. त्याने हे मोजलं म्हणून त्याचं कौतुक, पण मोजल्यावर तरी तो आकडा ऑर्डरमध्ये धरू नये.

काल संध्याकाळी दादाने कारखानदाराला फोन करून सेट ६०० वर आणले, बाकीचं १० जूनला सांगतो म्हणाला. कारखानदार कुरकुरला, पण काठाचं सूत अजून लूमवर चढलं नव्हतं म्हणून ऐकलं. धोंड्यासाठी मोठे टॉवेल दोनशे जोड्या वेगळे सांगितले. टोप्या मात्र १०८० च्या हिशोबाने कापून शिवणाऱ्या बायकांकडे गेल्यात, त्यांचं काम मध्येच थांबवायचं नाही असं वहिनी म्हणाली, आणि ते बरोबरच आहे, टोपीवर काही छापलेलं नसतं, ती पुढच्या वर्षीही चालते.