खपली धरली म्हणजे जखम भरली असे नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

'जखम उघडी ठेवावी, वारे लागून खपली धरली की ती भरते, हे आमच्या वाडवडिलांना ठाऊक होते. घरात बसून पुस्तके वाचणाऱ्या बाईंनी लोकांच्या अंगाशी खेळू नये,' असे आपण, जखम झाकून ओलसर ठेवावी असे सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली लिहिले आहे. वाक्याच्या पहिल्या भागावर मी आनंदाने वाद घातला असता. दुसऱ्या भागाने मी दुखावले आहे, आणि ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

आपली एक दुरुस्ती आधी मान्य करते. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले ते १९९५ मध्ये, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि ते रद्द झाले १९९७ मध्ये. मी दोन्हींसाठी एकच साल लिहिले होते. ते सुधारले आहे.

आता 'अंगाशी खेळण्या'विषयी. माझ्या वडिलांना मधुमेह होता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी, मे महिन्याच्या भर दुपारी, ते वाळवण उचलायला अनवाणी गच्चीवर गेले. तळपायाची संवेदना आधीच गेलेली असल्यामुळे चटका बसल्याचे त्यांना कळलेही नाही; संध्याकाळी अंगठ्याखाली फोड दिसला. तो फुटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेमका आपलाच सल्ला दिला, आणि वडील रोज कूलरसमोर पाय लांब करून बसू लागले. चार दिवसांत काळी, टणक खपली धरली आणि आम्ही निश्चिंत झालो. एका दवाखान्यातूनही 'वरून सुकली आहे' एवढेच सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. खाली पू साचत होता. अखेर अंगठा काढावा लागला. त्यानंतर चार महिने ती जखम रोज मी धुतली, मी बांधली. तळातून लाल, दाणेदार मांस इंचाइंचाने नव्हे, कणाकणाने वर येताना मी पाहिले. आपण आजवर किती जखमा धुतल्या आहेत, हे विचारण्याची पाळी आपल्याच वाक्याने माझ्यावर आणली आहे.

जे मी पाहिले त्याचे कारण मला नंतर पुस्तकांतच सापडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जखम बुजते ती कडेच्या त्वचापेशी सरकत सरकत मध्यभागी पोहोचतात तेव्हा. पृष्ठभाग सुकला की त्यांची वाट बंद होते, आणि खपलीच्या खाली जिथे ओल उरली आहे तिथून त्यांना पोखरत पुढे जावे लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास केला. पातळ पॉलिथिनखाली ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नवी त्वचा आली. नव्या मांसाला लागणारा प्राणवायूही मुख्यतः रक्तातून येतो, कूलरच्या वाऱ्यातून नव्हे. म्हणूनच मधुमेहात, जिथे पायाकडचा रक्तपुरवठाच मंदावलेला असतो, तिथे नुसत्या खपलीवर विसंबणे घातक ठरते.

वाडवडिलांचा दाखला आपण दिलात म्हणून सांगते की सुश्रुतांनी पट्टी बांधण्याचे १४ प्रकार सांगितले आहेत, आणि न बांधलेल्या व्रणाला माश्या, धूळ आणि वारा यांचा उपद्रव होतो असेही नोंदवले आहे. आपले वाडवडील नेमके कोणते, हे मला खरोखर समजलेले नाही.

दमट हवेत झाकलेली जखम चिघळते, महागडी ड्रेसिंग गरिबांना परवडत नाहीत, हे आपले उरलेले मुद्दे मूळ प्रश्नाला बाधा आणत नाहीत. स्वच्छ पाणी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि रोज बदललेली पट्टी, एवढेच मी साध्या खरचटण्यासाठी सुचवले होते. प्राण्याचा चावा, खोल टोचलेली किंवा पू धरलेली जखम घेऊन डॉक्टरांकडेच जावे आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी, हे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. आपण तिथपर्यंत पोहोचला नसावात.

जखमांविषयी आपण पुन्हा लिहिलेत तर मी पुन्हा उत्तर देईन. माझ्या घरात बसण्याविषयी लिहिलेत तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकीन.