रिमिक्सला कुलूप लागत नाही, पण चोरलेला रिमिक्स बिनकामाचा करता येतो

पेनड्राइव्ह एकदा दुसऱ्याच्या लॅपटॉपला लागला की आतलं गाणं फुटलं, असंच धरून चालायचं. गणपती, दहीहंडी, शिवजयंती, १४ एप्रिल... सीझन कुठलाही असो, आठ दिवस आधी प्रत्येक डीजे ग्रुपवर एकच रडगाणं सुरू होतं : 'माझा अनरिलीज्ड ट्रॅक अमक्याने वाजवला, टॅग काढून स्वतःचा लावला.' टॅग म्हणजे गाण्यात बोलून घातलेलं डीजेचं नाव. अशा पोस्टखाली दीडशे कमेंट, त्यात निम्म्या शिव्या आणि निम्मे 'केस टाक भावा'. उपयोगाचं कोणी काही सांगत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी 'केस टाक'वाल्यांसाठी. कॉपीराइट कायदा, १९५७. त्याच्या कलम १३ मधलं पोटकलम ३ वाचा. मूळ शब्द किंवा चालीच्या हक्काचा भंग करून एखादं ध्वनिमुद्रण केलं असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटच मिळत नाही. म्हणजे कंपनीचं गाणं न विचारता उचललं, त्याखाली हलगी आणि बेस टाकला, तर कायद्याच्या दृष्टीने त्या रिमिक्सचे तुम्ही मालक नाही. उलट मूळ कंपनी तुमच्यावर येऊ शकते. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. चोराच्या घरी चोरी झाल्यावर चौकीत जायचं कोणत्या तोंडाने?

काही जण कलम ५२ दाखवतात. धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला त्यात सूट आहे, हे खरं. पण ती सूट वाजवण्यापुरती आहे. गाणं तोडून नवं बनवायला आणि यूट्यूबवर चढवायला ती लागू होत नाही.

'जुनं गाणं आहे, लोकगीत आहे' हाही असाच गैरसमज. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क चालतो. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या गीतांवर २०६४ संपेपर्यंत. तुकोबांचा अभंग कोणीही घ्यावा, पण रेडिओवर ऐकलेली त्याची चाल बहुधा अलीकडच्या कुठल्यातरी संगीतकाराची असते, आणि ती फुकटची नाही.

कायदा असा पाठीशी नसल्यावर राहतं काय? चोरी थांबवायचा नाद सोडायचा आणि चोरलेला माल चोराला वाजवताच येणार नाही अशी सोय करायची. ही काही आपल्याकडची नवी अक्कल नाही. १९५० च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवाल्यांची अशीच टक्कर चालायची. कॉक्सन डॉड अमेरिकेतून रेकॉर्डी आणायचा आणि गाण्याचं नाव कळू नये म्हणून लेबल खरवडून टाकायचा. पण लेबल खरवडणं कायमचं पुरत नाही. त्याची एक खास रेकॉर्ड शेवटी प्रतिस्पर्धी ड्यूक रीडने शोधून काढलीच. पुढे तिथेच खरा उपाय निघाला. गायकाकडून आपल्या साउंड सिस्टिमचं नाव गाण्यातच गाऊन घ्यायचं आणि त्याची एकच प्लेट (रेकॉर्ड) कापायची. प्रतिस्पर्ध्याने ती मिळवली तरी वाजवणार कशी? वाजवली तर स्वतःच्याच साउंडवर दुसऱ्याचं नाव गाजणार.

आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे मंडळ स्पेशल. मंडळाचं, चौकाचं, गावाचं नाव नुसतं सुरुवातीला टाकायचं नाही. ते ध्रुवपदाच्या ओळीत आणि ड्रॉपच्या (बीट एकदम जोरात पडतो त्या जागेच्या) आधीच्या घोषात बसवायचं. सुरुवातीचे पंधरा सेकंद कापणं दोन क्लिकचं काम आहे. ध्रुवपदातलं नाव काढायला गेला तर गाण्याला भोक पडतं. आठ-दहा पोरं जमवा, एका खोलीत गाद्या-चादरी लावा, एकच घोष सहा वेळा रेकॉर्ड करा आणि सगळे टेक एकावर एक ठेवा. गर्दीसारखा भरीव आवाज येतो. त्याला गाण्याच्याच रिव्हर्बमधून (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टमधून) काढा, म्हणजे वरून चिकटवल्यासारखा वाटणार नाही.

साध्या टॅगबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नुसत्या म्युझिकवर एकटा टॅग ठेवला तर आजची स्टेम वेगळी करणारी सॉफ्टवेअरं (डेमक्स, यूव्हीआर, आणि आता व्हर्च्युअल डीजेमध्येच ती सोय आहे) तो अलगद उचलतात. ही सॉफ्टवेअरं गाण्याचे गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं असे भाग, म्हणजे स्टेम, पाडतात. टॅग हा माणसाचा आवाज, त्यामुळे तो गायनाच्या भागात जातो. तिथे दुसरं काही नसेल तर तेवढा तुकडा म्यूट केला की काम संपलं. म्हणून टॅग गायकाच्या ओळीवर ठेवायचा, सव्वा-दीड सेकंदाचा, गायनापेक्षा ३ ते ४ डेसिबल खाली, गाण्याच्या पट्टीत ट्यून केलेला.

हुशार चोर यावरही तोड काढतो. तो मूळ गाणं आणतो, त्यातलं गायन काढतो, तुमच्या टेम्पोला खेचतो आणि तेवढ्या जागी चिकटवतो. बाजारात मिळणाऱ्या गाण्याला हा धोका राहणारच. त्यामुळे निदान दोन टॅग अशा जागी हवेत, जिथे तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेला घोष किंवा नव्याने गाऊन घेतलेली ओळ चालू आहे. तिचं मूळ त्याला कुठेच मिळणार नाही. तिसरा टॅग तोडून, एकेक अक्षर हाय-हॅटसारखं तालात पेरायचं. मग तो सॉफ्टवेअरलाही धड गायन वाटत नाही, धड ड्रम वाटत नाही, आणि थोडा थोडा सगळ्याच भागांत सांडतो.

आता गाणं फोडलं कोणी हे शोधायचं कसं. फाइलच्या माहितीत नाव लिहिणारे खूप आहेत. ते पुसायला दहा सेकंद पुरतात. १८ किलोहर्ट्झवर बारीक शिट्टी लपवायची युक्तीही फिरत असते. १२८ केबीपीएसची एमपीथ्री केली की ती शिट्टी कापली जाते, स्टेटसला टाकली तरी जाते. वेव्ह फाइलच्या बिटमध्ये खूण लपवली तर पहिल्याच एमपीथ्रीला तिचा पत्ता राहत नाही. टिकते ती फक्त कानाला ऐकू येणारी, पण लक्षात न येणारी खूण.

ती अशी करा. गाण्यात पाच जागा ठरवा, सगळ्या गजबजलेल्या भागात, ड्रॉप सुरू झाल्यानंतरच्या. प्रत्येक जागी एक छोटी गोष्ट असेल किंवा नसेल : एक क्रॅश (झांजेचा ठोका), एक टाळी, हलगीचा एक जादा ठोका. असेल तर १, नसेल तर ०. पाच जागांच्या ३२ वेगवेगळ्या कॉप्या होतात. ज्याला गाणं द्याल त्याच्या नावापुढे वहीत त्याचा आकडा लिहा. फाइलचं नाव मात्र सगळ्यांना एकच ठेवा. एफएल स्टुडिओ या गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये या पाच गोष्टी वेगळ्या ट्रॅकवर ठेवल्या तर म्यूट-अनम्यूट करून रेंडर मारायचा, म्हणजे तयार फाइल काढायची, एका कॉपीला दोन-चार मिनिटं.

समोरच्याने टेम्पो १३० चा १३४ केला, पट्टी अर्धा सूर चढवली, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तरी क्रॅश आहे की नाही हे कळतंच. सेकंद मोजू नका, बार (चार ठोक्यांचा एक तुकडा) मोजा. १३० च्या टेम्पोला १६ बार म्हणजे साधारण साडेएकोणतीस सेकंद, पण टेम्पो बदलला की सेकंद हलतात, बार हलत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या ३० सेकंदांत खूण ठेवू नका, मिक्स करताना तोच भाग कापला जातो. आणि सगळा संच गाण्यात दोनदा ठेवा. अर्धंच गाणं हाती आलं तरी चोर सापडतो.

गाणी फुटतात कुठून, तर बऱ्याचदा आपल्याच डीजेच्या गाडीवरून. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमधून पेनड्राइव्ह बनवला की त्यातल्या 'कंटेंट्स' फोल्डरमध्ये सगळी गाणी उघडी पडलेली असतात, कुलूप नाही की काही नाही. ऑपरेटर जेवायला गेला तेवढ्या वेळात फोल्डर जातो. मिक्सरमागचा रेक-आउट (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) कोणी बघत नाही. तिथे आरसीए केबल लावून छोटा रेकॉर्डर ठेवला तर जवळपास स्वच्छ कॉपी मिळते. एक्स-३२ सारख्या डिजिटल मिक्सरला वरच यूएसबीची जागा असते, साउंडवाल्याने पेनड्राइव्ह घालून रेकॉर्ड दाबलं की पूर्ण दर्जाची स्टीरिओ फाइल तयार. भाड्याच्या सेटअपवर वाजवताना या दोन्ही जागा आधी बघून घ्या आणि रेक-आउटवर चिकटपट्टी मारा. एवढ्याने कोणी रागावत नाही. स्पेशल गाणी लॅपटॉपवर, व्हेराक्रिप्टच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा. पेनड्राइव्हवर फक्त जगाकडे आहे तेवढाच माल.

यूट्यूबवर आणि ग्रुपवर टाकायची कॉपी वेगळी करायची. बरेच जण तीच ३२० केबीपीएसची फाइल सगळीकडे टाकतात आणि मग रडतात. बाहेरच्या कॉपीला ६० हर्ट्झखाली २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा कट मारा आणि १२८ केबीपीएसला रेंडर करा. मोबाइलच्या स्पीकरवर ६० हर्ट्झ वाजतच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. पण तीच फाइल डबल अठराच्या (दोन अठरा इंची स्पीकरच्या) बेसवर लावली की पोट हलत नाही. एक तोटा मात्र आहे. ती कॉपी कोणी गाडीवर वाजवली आणि टॅग तुमचा ऐकू आला, तर 'ह्याची गाणी पोकळ वाजतात' अशी बदनामी तुमचीच होते. म्हणून बाहेरच्या कॉपीच्या टॅगमध्येच 'हे फक्त ऐकायला' असं स्पष्ट बोलून टाका. रीलमध्ये दुसरा ड्रॉप कधीच दाखवू नका.

एवढं करून मूळ रिमिक्स तुमचा होत नाही, हे खरंच. पण त्यातला एक भाग पूर्ण तुमचा करता येतो : बीट. हलगी, संबळ, ताशा स्वतः रेकॉर्ड करा. सॅम्पल पॅकमधली हलगी पन्नास जणांकडे तीच असते, तिच्यावर हक्क सांगणं हास्यास्पद आहे. हलगी शेकून झाली की लगेच रेकॉर्डिंगला बसा. कातडं थंड पडत जातं तसा सूर उतरतो, आणि पहिला आणि शेवटचा टेक जुळत नाही. एक माइक हातभर अंतरावर, दुसरा खोलीच्या कोपऱ्यात. ताल परंपरेचा आहे, त्यावर कोणाचाच हक्क नाही. रेकॉर्डिंगवर मात्र आहे.

आणि हलगीवाल्याला पैसे द्या, कागद करा : तारीख, काय वाजवलं, किती रक्कम, कुठे वापरणार, नाव कसं देणार, दोघांच्या सह्या. वादकालाही कायद्यात हक्क आहे. चोरीच्या नावाने सगळ्यात जोरात बोंबलणाऱ्या कितीतरी जणांच्या ट्रॅकमध्ये वाजवणाऱ्याचं नाव शोधून सापडत नाही, हेही इथेच बोलून घेतो.

हा बीट आधी, सीझनच्या महिना-दीड महिना अगोदर, नुसता बीट म्हणून डिस्ट्रिब्यूटरमार्फत (आपली गाणी सगळ्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीमार्फत) रिलीज करा, आणि मगच रिमिक्समध्ये वापरा. शंभर टक्के तुमचा असेल तरच त्याला कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणं आपोआप ओळखून क्लेम टाकणारी सोय) लावा. पॅकमधला एक लूप जरी आत असला तरी तोच लूप वापरणाऱ्या भलत्याच पोरांच्या व्हिडिओवर क्लेम जातील आणि डिस्ट्रिब्यूटर तुमचंच खातं गोठवेल. रिमिक्सवर स्वतः टेकडाउन (व्हिडिओ काढून टाकायची मागणी) टाकायच्या भानगडीत तर पडूच नका. त्या फॉर्ममध्ये 'मी हक्कदार आहे' असं लिहून द्यावं लागतं, आणि मूळ कंपनीचं गाणं आत असताना ते खोटं ठरतं. समोरच्याने उलट नोटीस दिली की कंपनीचं लक्ष दोघांकडे जातं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद, आणि त्यात चोराचा चॅनल महिन्याभराचा असतो, तुमचा सात वर्षांचा.

तारखेचा पुरावा म्हणून प्रोजेक्ट फाइल आणि सगळे स्टेम एका झिपमध्ये भरा, त्या झिपचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढा आणि तो ६४ अक्षरांचा आकडा स्वतःच्या पेजवर पोस्ट करून ठेवा. फाइलची तारीख बदलता येते. पण एका अक्षराने जरी फाइल बदलली तरी हॅश जुळत नाही. म्हणून ती झिप पुन्हा उघडून 'जरा बेस वाढवतो' असं करू नका. वाढवायचा असेल तर नवी झिप, नवा हॅश.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं तुम्हीच पूर्ण दर्जात बाहेर काढा, टॅगसकट. दहा दिवस दाबून ठेवलेल्या फाइलला अकराव्या दिवशी कार्यक्रमांच्या सुपारीच्या बाजारात भाव नसतो, आणि ज्याने ती चोरून पुढच्या जयंतीसाठी जपून ठेवली असेल त्याच्याकडे तेव्हा गावभर असलेलंच गाणं उरतं.