उमाइताची शिबंदी पळाली नव्हती

नमस्कार. पॅराग्वेच्या युद्धावरच्या (1864-70; एकीकडे पॅराग्वे, दुसरीकडे ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'हातातला किल्ला सोडून नंतर शरण जाणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला? हे तर पळपुटे.' शत्रूची जहाजं अडवायला नदीत ताणलेल्या साखळीचा माझा तपशील चुकल्याचंही दाखवलंत. साखळीबद्दल शेवटी लिहितो. 'पळपुटे' हा शब्द मात्र वाचल्यापासून सलतोय.

उमाइता हा पॅराग्वेचा किल्ला, म्हणजे पॅराग्वे नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावरचा तोफखाना आणि मागे मैलोगणती खंदक. नोव्हेंबर 1867 मध्ये ब्राझीलच्या फौजेने नदीच्या वरच्या अंगाचं तायी हे ठाणं घेतलं आणि या काठावरची रसद तुटली. 19 फेब्रुवारी 1868 ला ब्राझीलची चिलखती जहाजं तोफांच्या माऱ्यातून किल्ल्यापुढून वर निघून गेली. मार्चमध्ये खुद्द पॅराग्वेचा राष्ट्राध्यक्ष सोलानो लोपेज बहुतेक सैन्य घेऊन पलीकडच्या चाकोच्या दलदलीतून बाहेर पडला. किल्ल्यात उरली सुमारे 3,000 माणसं. पुढे मे महिन्यात शत्रू चाकोतही उतरला आणि धान्य यायची ती शेवटची वाटही बंद झाली.

पळायचंच असतं तर ही माणसं तेव्हाच पळाली असती. ती जुलै उजाडेपर्यंत टिकली. किल्लेदार पावलिनो आलेनने त्या अन्नान्न दशेत स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो जखमी झाला आणि सूत्रं फ्रान्सिस्को मार्तिनेझकडे आली. किल्ला रिकामा होतोय असं समजून 16 जुलैला ब्राझीलचा सेनापती ओसोरियोने हल्ला केला, तर याच उपाशी शिबंदीने तो परतवून लावला. त्यानंतर आठवडाभराने, रात्रीच्या अंधारात, बायका आणि जखमींसह सगळे होड्यांतून पलीकडे गेले. मागे सुमारे 180 तोफा राहिल्या. शत्रूला पत्ता लागला तो 25 जुलैला.

पलीकडे सुटका नव्हतीच. इस्ला पोई नावाच्या चिखलाच्या जिभेवर ते अडकले. समोर सरोवर, त्यात शत्रूच्या होड्या. रोज रात्री गोळ्यांतून होड्या हाकारायच्या. काही पोचल्या, बऱ्याच बुडाल्या. 5 ऑगस्टला मार्तिनेझने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा सुमारे 1,300 जण उरले होते आणि त्यांतल्या अनेकांना उभंही राहवत नव्हतं. यापुढे किल्लेदाराने त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायला हवं होतं, ते मला खरंच सांगा.

तुम्ही वापरलात तो निवाडा लोपेजनेही दिला होता. त्याने मार्तिनेझला फितूर ठरवलं. मार्तिनेझ शत्रूच्या कैदेत होता, म्हणून हाती लागली त्याची बायको, हुलियाना इन्स्फ्रान. तिने नवऱ्याला गद्दार म्हणावं म्हणून तिचे हाल केले गेले. तिने म्हटलं नाही. डिसेंबर 1868 मध्ये तिला गोळ्या घातल्या. आलेनलाही त्याच महिन्यात. त्या बाईबद्दल मूळ लेखात मी एक ओळही लिहिली नव्हती. तुमच्या प्रतिक्रियेतली टीका यावर असती तर मी निमूट मान्य केली असती.

आता साखळी. 'जहाजांनी साखळी तोडली' असं मी लिहिलं होतं, ते चूक. साखळी ज्या तराफ्यांवर तरंगत होती ते आधीच तोफांनी बुडवले गेले होते, त्यामुळे ती तळाच्या गाळात जाऊन बसली. पाणी चढलेलं होतं आणि जहाजं तिच्यावरून गेली. तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.