समाजवादी बंधुभाव आणि आमचा सोफा

चिनी मालिका बघते म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, तुला चिनी येतं का गं? नाही येत. चिनी न येणं हा यातला सगळ्यात किरकोळ प्रॉब्लेम आहे, खाली सबटायटल्स असतात, काम भागतं. खरा प्रॉब्लेम हा की टीव्ही हॉलमध्ये असतो आणि हॉलमध्ये आई-बाबा असतात.

'द अनटेम्ड' मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हे काही नव्हतं, मोबाईल, पांघरूण, इअरफोन, आणि रात्री दोन वाजता उशीत तोंड खुपसून रडणं, एकदम सुटसुटीत कारभार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, २०१९ ची मालिका, टेन्सेंट या चिनी व्हिडिओ साइटवर आली, ५० भाग, श्याओ जान आणि वांग यीबो हे दोन हिरो. मो श्यांग तोंग शिऊ या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंची कादंबरी आहे, चीनमध्ये एका साइटवर क्रमशः आलेली, तिच्यावर बेतलीय. कादंबरीत हे दोघं प्रेमात पडतात. सरळसरळ, कुठलीही भानगड न ठेवता. पण तिकडच्या सेन्सॉरला दोन पुरुषांचं प्रेम पडद्यावर चालत नाही, म्हणून मालिकेत ते पडत नाहीत. म्हणजे पडतात हो, कागदोपत्री पडत नाहीत. ५० भाग एकमेकांकडे बघतात, एकमेकांसाठी अख्ख्या जगाशी वैर घेतात आणि कोणी विचारलंच तर आम्ही जिवाभावाचे सखे म्हणून सांगतात. तिकडच्या चाहत्यांनी या प्रकाराला टोमणा मारून नाव पाडलंय, 'समाजवादी बंधुभाव'. 'गार्डियन' नावाची मालिका २०१८ मध्ये आली तेव्हापासून हा शब्द फार चालला.

दुसऱ्यांदा बघायला घेतली ती मात्र हॉलच्या टीव्हीवर, कारण आईची आठची मालिका एकदाची संपली होती आणि तिचा हात रिमोटवर नुसताच फिरत होता, आणि मला वाटलं दहा मिनिटं बघेल आणि भाजी निवडायला उठेल. ती उठली नाही. पहिल्याच सीनमध्ये काळ्या कपड्यातला वेई वूशियन कड्यावरून खाली लोंबकळतोय आणि पांढऱ्या कपड्यातल्या लान वांगजीने त्याचा हात धरून ठेवलाय, हातातून रक्त वाहतंय तरी सोडत नाहीये. आई म्हणाली, "हा याचा कोण?"

मी म्हटलं, मित्र.

आई काही बोलली नाही. जी बाई वीस-पंचवीस वर्षं मराठी मालिका बघत आलीय, जिला सासू कुठल्या डोळ्याने बघतेय यावरून पुढचे दोन आठवडे सांगता येतात, तिला मी मित्र म्हणून सांगत होते.

पहिला त्रास नावांचा. यात प्रत्येकाला जन्माचं नाव वेगळं, मोठं झाल्यावर घ्यायचं नाव वेगळं, आणि वर पदवी. वेई यिंग म्हणजेच वेई वूशियन म्हणजेच यीलिंगचा तो बदनाम गुरू, आणि सोळा वर्षांनी परत येतो तेव्हा भलत्याच माणसाच्या नावाने वावरतो. महाभारतातली पार्थ, धनंजय, सव्यसाची वगैरे सगळी न चुकता म्हणणारी आई इथे मात्र चौथ्या नावाला खवळली आणि तिने स्वतःच बारसं करून टाकलं. काळ्या. पांढऱ्या. पांढऱ्याचा भाऊ. ज्यांग चेंग म्हणजे आठ्यावाला. न्ये ह्वायसांग म्हणजे पंखेवाला. आणि काळी टोपी घालून सगळ्यांशी गोड हसून बोलणारा जिन ग्वांगयाओ, त्याला तिने नाव दिलं नाही, फक्त म्हणाली, "हा टोपीवाला काही मला ठीक दिसत नाही, इतकं वाकून बोलणाऱ्या माणसापासून लांब राहावं." मी जवळजवळ शेवटच्या पाच-सात भागांपर्यंत तोंड दाबून बसले होते, विचार करा काय हाल झाले असतील माझे.

दुसरा त्रास सबटायटल्सचा. आईला इंग्रजी वाचता येतं पण ती ओळ संपवेपर्यंत पडद्यावर तलवारी निघालेल्या असतात, त्यामुळे मी वाचून दाखवायचं, आणि वाचताना आवाजात काही येऊ द्यायचं नाही. करून बघा एकदा. लान घराण्याच्या डोंगरावर तीन हजार नियम दगडावर कोरलेत, दारू नको, पळापळ नको, जेवताना बोलणं नको, आणि तिथे हा काळ्या दारूच्या सुरया घेऊन भिंतीवरून उडी मारतो आणि नेमका पांढऱ्याच्या समोर येतो, आणि चांदण्यात कौलांवर दोघांची तलवारबाजी होते. मी ग्रामपंचायतीचा ठराव वाचावा तशी ती सगळी बोलाचाली वाचून दाखवली. आई म्हणाली, "बरं नाही का तुला?"

बाबा तोपर्यंत पेपराच्या आडून ऐकत होते. बाबा म्हणजे सेवा दलात वाढलेले, शाखेवर गाणी म्हटलेले, आणि नंतर अंनिसच्या सभांना नेमाने जाणारे. भुताखेताची मालिका घरात लागलीय म्हणून आधी त्यांचा निषेधच होता. मग मी सांगितलं, की अहो बाबा, चीनमध्येही पडद्यावर भूतपिशाच्च चालत नाही, कादंबरीतली चालती-फिरती प्रेतं मालिकेत मंत्राने फिरवलेली माणसं करावी लागली, आणि 'गार्डियन'मध्ये तर अख्खं पाताळ बदलून परग्रहाचं प्रकरण केलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "हे उत्तम केलं," म्हणाले. आणि मग या असल्या मालिकेला काय म्हणतात ते मी सांगून बसले, समाजवादी बंधुभाव, त्यातला टोमणा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, ते इतके खूश झाले की त्या दिवसापासून नियमित येऊन बसायला लागले. वर आईला समजावायचे, "बघ, दोस्ती असावी तर अशी. आम्ही शिबिरात एका ताटात जेवायचो."

म्हणजे झालं काय, की एका सोफ्यावर दोन मालिका चालू झाल्या. आई प्रेमकथा बघत होती, बाबा शिबिर बघत होते आणि मध्ये मी, दोघांना पुरेल असं वाचत. सेन्सॉर बोर्डाला यापेक्षा वेगळं काय हवं असतं मला सांगा, एकाला दिसावं आणि एकाला दिसू नये, हीच तर त्या लेखकमंडळींची कारागिरी आहे.

आता ते कपाळावरच्या पट्टीचं. लान घराण्यातले सगळे कपाळाला पांढरी पट्टी बांधतात. थंड पाण्याच्या कुंडाखालच्या गुहेत एक मंतरलेलं तंतुवाद्य असतं, ते घराण्याबाहेरच्या माणसावर वार करतं, म्हणून पांढऱ्या आपल्या कपाळाची पट्टी सोडतो आणि काळ्याच्या मनगटाला बांधतो. वार थांबतो. इथपर्यंत ठीक होतं, पण मी चाहती ना, माझ्या तोंडून निघालंच, की या पट्टीला आई-वडील आणि बायको-मुलं सोडून कोणी हात लावायचा नसतो.

आई म्हणाली, "मग लग्न झालं की."

"अगं इमर्जन्सी होती," बाबा.

"रुमाल नव्हता का त्याच्याकडे?"

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं, चिनी सेन्सॉरकडेही नसावं.

नंतर दुसऱ्या एका गुहेत काळ्या तापाने फणफणलेला असतो, पांढऱ्या त्याला गाणं गुणगुणून दाखवतो, स्वतः रचलेलं. काळ्या विचारतो गाण्याचं नाव काय. पांढऱ्याचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. बस. जगभरच्या बायापोरींनी तो सीन थांबवून थांबवून त्या ओठांवरून नाव काढलंय, वांगशियन, वांगजीमधला वांग आणि वूशियनमधला शियन. आईला दोनदा मागे नेऊन दाखवलं. ती एकदम शांतपणे म्हणाली, हे म्हणजे खालच्या मजल्यावर दारावर 'सुनील' आणि 'नीता' मिळून 'सुनीत' लिहिलंय तसं. पन्नास भागांच्या मालिकेवर मी जितके लेख वाचलेत त्यात इतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

बाकी तिचे प्रश्न म्हणजे, एवढ्या मारामाऱ्या करतात तर हे पांढरे कपडे धुतं कोण. त्या थोरल्या बहिणीने कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप केलेलं बघून तिने बाजारातून कमळकाकडी आणली आणि गोड्या मसाल्यात परतली, त्यावर मी काही बोलणार नाही. एका कपात पांढऱ्याला चढते, तो आधी झोपतो आणि मग उठून कोणाच्यातरी कोंबड्या चोरून काळ्याच्या हातात देतो, तेव्हा ती इतकी हसली की बाबांना पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. आणि यीलिंगला ते छोटं पोर पांढऱ्याच्या पायाला मिठी मारून बसतं, पुढे तोच त्याला वाढवतो हे कळल्यावर म्हणाली, चला, मूलही झालं.

बाबा तरीही हटेनात. मी मग इतिहासाची बाजू लावून बघितली, कारण बाबांचा इतिहासावर विश्वास आहे. म्हटलं बाबा, तिकडे दोन हजार वर्षांपूर्वी हान घराण्याचा आय नावाचा सम्राट होता, त्याच्या बाहीवर डोकं ठेवून दोंग श्यान झोपला होता, सम्राटाला उठायचं होतं, तर त्याने त्याची झोप मोडू नये म्हणून स्वतःची बाही कापली. तेव्हापासून तिकडे पुरुषा-पुरुषांच्या प्रेमाला 'कापलेली बाही' म्हणतात. बाबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "हाताखालच्या माणसाच्या विश्रांतीची इतकी काळजी. आमच्या हेडऑफिसला सांगायला पाहिजे होतं."

शेवटी आईच उखडली. पांढऱ्याच्या पाठीवरचे चाबकाचे वळ दिसले त्या दिवशी. काळ्याची बाजू घेतली म्हणून स्वतःच्या घराण्याकडून खाल्लेले फटके. बाबा म्हणाले, मित्रासाठी माणूस काय करत नाही. आई म्हणाली, "तुम्ही तुमच्या त्या शिबिरातल्या मित्राचा फोन दिवाळीला वाजत होता तर उचलला नाहीत, आंघोळीला गेलो म्हणून सांग म्हणालात." बाबा गप्प. पण गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे, हे आमच्या घराचं वैशिष्ट्य आहे.

शेवटच्या भागात मात्र आईचा धीर सुटला. इतकं सगळं होऊन दोघं डोंगरावर वेगवेगळ्या वाटांनी जातात, मग काळ्या कड्यावर उभा राहून बासरी वाजवतो, मागून आवाज येतो 'वेई यिंग', तो वळतो, हसतो. संपलं. आई म्हणाली संपलं? मिठी नाही? हातात हात पण नाही? मी तिला सांगितलं की बाई, एवढं मिळालं हेच नशीब समज. २०१६ मध्ये 'अॅडिक्टेड' नावाची मालिका तर चालू असताना मध्येच उतरवली होती. आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तिकडच्या सरकारी खात्याने बजावलंच, असल्या कादंबऱ्यांवर आता मालिका नको, बायकी दिसणारे पुरुष नकोत. तयार मालिका डब्यात पडल्यात, 'इम्मॉर्टॅलिटी' शूट होऊन पडलीय, मी अजून तिचे जुने टीझर बघत बसते. आईने सगळं ऐकलं आणि तिच्या तोंडून त्या खात्याबद्दल जे काही निघालं ते बाबांनी सेवा दलातल्या माणसाला शोभेल अशा पद्धतीने ऐकलं नाही असं केलं. मग तिला मी वीस भागांची स्पेशल एडिशन दाखवली, त्यात या दोघांवर जास्त भर आहे. ती तिने दोनदा बघितली. एकदा मी घरी नसताना.

आणि नेमकी त्याच सुमारास नागपूरहून आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती, तिच्यासमोर बाबा अजूनही पाय खाली घेऊन बसतात. संध्याकाळी टीव्ही लावला तर मागच्या वेळचा भाग आपोआप सुरू झाला, नेमका गुहेतला, पट्टी बांधायच्या ऐन वेळी. मी रिमोट शोधायला लागले. त्याआधी आईच म्हणाली, एकदम घाईघाईने, "मित्र आहेत हो ताई ते. लहानपणापासूनचे. चिनी आहे, तलवारीबिलवारीचं, मुलं बघतात."

माझी आई! काल-परवापर्यंत मिठी नाही म्हणून भांडणारी!

आत्याने चष्मा वर केला, पडद्याकडे बघितलं. "ही जुनी आहे ना गं?" म्हणाली. "आमच्या नातीने मला ती दुसरी दाखवली होती. तो दारूचा भोपळा घेऊन फिरतो ना, आणि तो पंखेवाला."

"पंखेवाला यातला," आई.

"छे, तो वेगळा. माझा पंखेवाला सारखा कविता म्हणत त्याच्या मागे मागे फिरतो."

म्हणजे 'वर्ड ऑफ ऑनर'! ३६ भाग! माझ्या मुख्याध्यापिका आत्याने! मग विचारू नका, दोघी अशा सुटल्या, आत्या सांगत होती की त्यात म्हणे डबिंगमध्ये शब्द बदललेत, बोलतात एक आणि ओठ सांगतात दुसरंच, नातीने तिला थांबवून थांबवून दाखवलं, आणि नंतर त्यातल्या एका हिरोचं जपानमधल्या यासुकुनी या युद्धस्मारक मंदिरापाशी काढलेल्या फोटोंवरून प्रकरण झालं आणि अख्खी मालिकाच तिकडे काढून टाकली. आई हळहळली. आत्याने विचारलं, तुमच्यातली कादंबरी वाचलीस का, इंग्रजीत आलीय आता, २०२१ पासून यायला लागलीत, त्यात काही लपवाछपवी नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं की इतके महिने एकाच घरात राहून मी तिच्यापासून मालमत्ता लपवली.

बाबा आतून चहाचा ट्रे घेऊन आले. पडद्यावर पांढऱ्या काळ्याच्या मनगटाला गाठ मारत होता. बाबा ट्रे ठेवता ठेवता अगदी मनापासून म्हणाले, "काय मैत्री आहे बघ ताई. अशी माणसं आता राहिली नाहीत."

आत्याने आधी बाबांकडे बघितलं, मग आईकडे. कप उचलला.

"बाळ्या पहिल्यापासून असाच आहे," ती आईला म्हणाली. "तुझ्या लग्नाचंसुद्धा मीच त्याला सांगितलं होतं, की अरे ती तुझ्याकडे बघतेय."