सच्छिद्र सक्शन पाइपच्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

नमस्कार. आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की, शेततळ्यासाठी आमच्याकडून नेलेल्या ११० मि.मी. व्यासाच्या, ६ मीटर लांब सच्छिद्र पाइपला टोकाकडे ओढ कमी जाणवली, आम्ही भोके पाडताना हात आखडता घेतला असे वाटून आपण गावात आणखी ३०० भोके पाडून घेतली, आणि आता तर टोकाकडून पाणी येतच नाही व पंपाकडच्या भोकांवर शेवाळ चिकटते. भोकांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

या पाइपचा आतील व्यास सुमारे १०० मि.मी. आहे, त्यामुळे आम्ही पाडलेल्या १० मि.मी.च्या १०० भोकांचे एकूण क्षेत्रफळ पाइपच्या छेदाएवढेच भरते. पंप सेकंदाला १० लिटर ओढत असेल, तर एवढ्या भोकांतून पाणी आत येण्यासाठी पाइपच्या बाहेर आणि आत सरासरी २३ सें.मी. दाबफरक (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब) लागतो. दुसरीकडे, पाइपमध्ये पाणी पंपाकडे सरकताना वाढत जाते, त्याचा वेगही वाढतो, आणि त्यामुळे बंद टोकापेक्षा पंपाकडचा दाब १६ ते २० सें.मी.ने कमी असतो. म्हणजे जवळच्या भोकांना ओढ जास्त मिळणार हे ठरलेलेच. म्हणूनच आम्ही पंपाकडे भोके विरळ आणि टोकाकडे दाट ठेवतो. आपण भोके ४०० केलीत तेव्हा सरासरी दाबफरक दीड सें.मी.च्या आत आला, पण पाइपमधला तो १६ ते २० सें.मी.चा फरक जिथल्या तिथे राहिला, आणि जवळच्या भोकांतच पंपाची भूक भागू लागली. ती भोके शेवाळाने अर्धवट बुजली की पुढची आपोआप कामाला लागतात, हा त्यातला गमतीचा भाग. पण त्या भरवशावर मोटर चालवू नये.

भोके आणखी कमी केली तर ओढ जवळजवळ सारखी होईल, हेही खरे. मात्र ५० भोके ठेवल्यास दाबफरक चौपट, म्हणजे सुमारे ९० सें.मी. होतो, सक्शनवर तेवढा ताण वाढतो आणि भोकांपाशी पाण्याचा वेग दुप्पट होऊन तळाचा गाळ वर येतो. खरा उपाय भोकांत नसून व्यासात आहे. १६० मि.मी.च्या पाइपचा आतील व्यास सुमारे १५० मि.मी. धरला, तर वेगामुळे पडणारा दाबाचा फरक जवळपास पाचपट कमी होतो. मग त्याच मापाची २०० भोके ठेवूनही जवळच्या आणि टोकाच्या भोकांतून येणाऱ्या पाण्यात दीडपटीपेक्षा जास्त तफावत राहत नाही, आणि भोकांतला वेग निम्मा होतो.

भोके वाढवलेला पाइप बदलून देता येणार नाही. तळाशी पसरलेला पाइप आधी डबे बांधून तरंगता करावा, तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन फूट राहील असे पाहावे, म्हणजे शेवाळ आणि हवा दोन्ही टळतील, आणि टोकाची कॅप घट्ट असल्याची खात्री करून घ्यावी. १६० मि.मी.चा पाइप घ्यायचा झाल्यास पंपाच्या पाटीचा फोटो आणि उन्हाळ्यात तळ्यात किती पाणी उरते ते कळवावे. भोकांची आखणी त्यावरून करून देऊ.